पिहू तयार होती, मी नाई

आज मंगळवार, सफारी बंद. म्हणून मी, मोहर्लीच्या जंगलातला सफारी गाईड, सहा वर्षांच्या लेकीले, पिहूले, घेऊन चंद्रपूरजवळच्या वॉटर पार्कले गेलो.

घसरगुंडीसाठी लावलेल्या उंचीच्या पट्टीत पोरगी बरोबर बसली. पण हिंमत पट्टीनं मोजता येत नाई ना भाऊ!

सफारीच्या जिप्सीत माझा एक अंदाज कधी चुकत नाई. बडबडणारा पाहुणा ठीक असते, अचानक गप्प झाला म्हणजे घाबरला. मोठ्या घसरगुंडीवर पोचलो आन् पिहू चिडीचूप!

"भेव लागून राह्यला का? उतरू खाली?"

"थांबा न बाबा. खाली गेलेले पोरं हासतेत का रडतेत, थे पाहून राह्यली."

चार पोरं हासत उठले. मग पिहू गेली, तिथल्या दादाले "धक्का देऊ नका" असं बजावून.

आता माझी पाळी. दहा वर्षं लोकाईले वाघ दाखवून राह्यलो, पण खाली पाहिलं आन् तोंडातून शब्द निघंना.

पिहू खालून ओरडली, "बाबा, गप्प काऊन झाले? पायऱ्यायनं उतरा, कोनी हासत नाई!"

मी पायऱ्यायनं उतरलो.

लेकराची तयारी पाहाले मी गेलो होतो. पाहून घेतली तिनंच माझी! तुमच्या घरी तुमची कोन पाहते जी?