सगळ्यांदेखत ऐकलेली गाणी

माहेरी, मोहगावला, आमच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या बाया भीमगीतं म्हणायच्या. त्यांच्यामागून मीही म्हणत जायची. घराच्या दारात आलं की आई दटावायची, "इथं नको." काहून नको, ते मला कोणी सांगितलं नाही.

लग्न होऊन सौंसरजवळच्या गावात, संत्र्याच्या बगीच्याच्या घरात आले. हाती मोबाईल आला तेव्हा पहिल्यांदा तीच गाणी शोधली. त्यातल्या एका गायिकेच्या आवाजानं मला असं धरलं की सुटका नाही. तिच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात शिरले. तिथं कोणी कोणाला आडनाव विचारत नसे. आणि गाणं पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही, हा सगळ्यांचा कायदा.

रामाकोन्याची एक ताई, शिवणकाम करणारी, माझ्याशी कायम भांडायची. तिला बाईंची, म्हणजे त्या गायिकेची, जुनी रेकॉर्डिंग आवडायची, मला नवी. एकदा तिनं लिहिलं, "तुमचं वाचून मी परत आयकलं. तुमचंबी बरोबर हाय." माझ्या मतासाठी कोणी एखादी गोष्ट परत करून पाहावी, असं माझ्या घरात कधी झालं नव्हतं.

मग बाईंचा कार्यक्रम पांढुर्ण्याला ठरला. मी नवऱ्याला सांगून, बसनं, दिवसाउजेडी गेले. ताईनं अगदी पुढं जागा धरली होती. शेजारी ग्रुपमधले रिटायर पोस्टमन काका. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो, पण पहिलं गाणं सुरू झालं तसे तिघांचेही डोळे भरले.

माझ्याआधी माझा फोटो गावात पोचला. दुसऱ्या दिवशी जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, अंगणात उभे राहिले.

"त्या लोकाइच्या कार्यक्रमात आपल्या घरची बाई पुढं बसते?"

"पुढून चांगलं आयकू येते," मी म्हटलं.

"मंग घरीच बोलाव ना त्याइले!"

ते टोमणा मारत होते. मी म्हटलं, "बोलावतो."

 जेवताना नवरा एवढंच बोलला, "मोठी सतरंजी माळ्यावर हाय."

रविवारी दुपारी ग्रुपची मंडळी आली. मी अंगणात सतरंजी अंथरली, फाटक सताड उघडं ठेवलं, रोजच्याच कपांत सगळ्यांना चहा दिला. पाहायचं त्यानं पाहावं. शेजारणी कुंपणाशी येऊन पाहतच होत्या.

आम्ही गाणं लावणार, तेवढ्यात जेठांनी ट्रॅक्टर आणून फाटकाशी उभा केला आणि त्यावरचे स्पीकर पूर्ण आवाजात सोडले. एक जुनं भजन होतं. माझं डोकं फिरलं. मी उठले, तर काकांनी हात केला.

"बसा. गानं सुरू हाय."

सगळे बसून राहिले. हूं नाही की चूं नाही. ताईनं डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. भजन संपेपर्यंत कोणी कप उचलला नाही. मग काका ट्रॅक्टरकडे वळून म्हणाले, "वा! आवाज लय गोड हाय. अजून एखादं लावता का, भाऊ? नाहीतर आता आमचं लावतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काका आपल्याला चिडवताहेत का, ते जेठ शोधत राहिले. तसं काही सापडलं नाही. मग त्यांनी स्पीकर बंद केले.

आमचं गाणं सुरू झालं. जेठ ट्रॅक्टरवरून उतरले नाहीत, पण गेलेही नाहीत. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच ताई मोठ्यानं म्हणायला लागली आणि मीही तिच्या आवाजात आवाज मिसळला. माझ्या सासरच्या अंगणात, भरदुपारी.

जेठ अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. दर महिन्याला बैठक होते, कधी रामाकोन्याला ताईकडे, कधी काकांकडे पांढुर्ण्याला, आणि पाळी आली की माझ्या अंगणात. ताई माझ्याकडे येते तेव्हा गावातून चालत, ओळखीच्या घरी येतात तशी येते.

परवा शेजारीण कुंपणावरून हळूच विचारत होती, "आता कधी हाय तुमचं ते गानं-बिनं?"

मी म्हटलं, "फाटकातून आत या, मंग सांगतो."