दुसऱ्याची आई

ती तक्रार आठवली की आजही माझी मान खाली जाते.

तेव्हा मी बोरीवलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. जवळच्या गावठाणातली एक ख्रिस्ती बाई ठाणे अंमलदारासमोर रडत बसली होती. आईला विसरण्याचा आजार झाला तेव्हा त्या दिवसांबद्दल ती इंटरनेटवरच्या एका फोरमवर लिहायची. पुढे आई गेली, फोरमही बंद पडला. मग तेच लिखाण कुणीतरी टोपणनावाने दुसऱ्या फोरमवर स्वतःचं म्हणून टाकलं. हिने जाब विचारला, तर लोकांनी हिलाच चोर ठरवून काढून टाकलं.

"साहेब, माझी आई आहे ती! मी कशी चोर?"

अंमलदार तिला वाटेला लावणार होता. मी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवायला सांगितली आणि तो मजकूर तिच्यासमोरच वाचायला घेतला. चोर हुशार होता. नावं बदलली होती, चर्चचं देऊळ केलं होतं. एके ठिकाणी मात्र आई रोज संध्याकाळी लुगडं नेसून दाराशी उभी राहते आणि विचारते, 'बँडवाले आले का? पाणी आणायला उशीर होतोय.'

"हे कसलं पाणी?" मी विचारलं.

"आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात ना, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला. आईला वाटायचं, माझं लग्न उद्यावर आलंय."

फोरमच्या चालकांना पत्र पाठवलं. उत्तरात मोबाईल नंबर आला. तो लावला आणि स्क्रीनवर नाव उमटलं. ज्यांच्या हाताखाली मी तपास शिकलो, ते माझे निवृत्त साहेब! क्षणभर वाटलं, फाईल बंद करून टाकावी. पण बाई त्या दिवशीही येऊन बाहेर बाकावर बसली होती.

साहेबांना ठाण्यात बोलावलं. साहेब आले. जुन्या हवालदारांनी सॅल्यूट ठोकला. मला कुठे बघावं ते कळेना.

"आईबद्दल लिहिलं तर गुन्हा झाला का रे?" साहेब हसले.

"साहेब, तुमच्या आई कसलं पाणी आणायला निघायच्या?"

"नळाचं. चाळीत पाणी जायचं ना."

"बँड लावून?"

साहेबांचं हसू ओसरलं. आरोपींचे असे चेहरे मी आयुष्यभर बघत आलो, हा बघवेना.

"लोक फार चांगलं बोलायला लागले रे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "असा मुलगा सगळ्यांना मिळो, म्हणायचे."

मी बाईंना आत बोलावलं. त्या तमाशा करतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या आईला काय झालेलं?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले. "मी बघायला गेलोच नाही."

लिखाण खरं कुणाचं ते साहेबांनी तिथेच बसून फोरमवर लिहिलं. बाईंनी तक्रार पुढे नेली नाही.

चोरलेला मजकूर पकडायचा तर चोराला न कळलेली ओळ शोधावी, हे त्या केसने शिकवलं आणि पुढे ते कामालाही आलं. माझी लाज मात्र त्याने गेली नाही. तक्रार येण्याच्या कितीतरी आधी, त्या फोरमवर ते लिखाण वाचून साहेबांचे आभार मानणाऱ्यांत मीही होतो. तो मुलगा कोण हे ठाऊक नसताना, मीही त्याला नमस्कार लिहिला होता.