दायांचं उष्टं पाणी

उबेचं कपाट उघडण्याआधी थोरली रोज बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक करायची, बाळंतिणीच्या खोलीत शिरताना करावी तशी. प्रयोगशाळेतले लोक हसत. ती खुशाल हसू देई.

कपाटात तिने जगवलेल्या पेशी असत. मेंढीचं बीज काचेच्या बशीत फळवलं, की गर्भ आठ पेशींचा होतो आणि तिथेच हटून बसतो. त्याच्याखाली मेंढीच्या गर्भनलिकेतल्या पेशींचं अंथरूण घातलं, तर पुढे सरकतो. प्रयोगशाळेचे साहेब या पेशींना दाया म्हणत. दाया जगवाव्यात थोरलीनेच. दुसऱ्याच्या हाताला त्या टिकत नसत.

मग धाकटी आली. तिची सख्खी जाऊ. नोकरीसाठी शब्द टाकला तोही थोरलीनेच. घरी सासूबाईंना धाकटीचं कौतुक सरत नव्हतं, ते आता इथेही सुरू झालं. साहेबांनी तिच्याकडे गर्भ सोपवले. पाहुणे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वाहवा करत, ती गर्भाची. खालच्या अंथरुणाकडे कोण बघतो?

त्यात धाकटीने साहेबांना सुचवलं, की दायांशिवाय नुसत्या पोषक द्रवात वाढवून बघू, बशी स्वच्छ दिसेल. हे जमलं तर थोरलीचं कपाटच उठणार होतं.

जमलं नाही. गर्भ आठावर अडले. त्या दिवशी बशा धुताना थोरली गुणगुणत होती.

पण धाकटी रिकामी नळी घेऊन पुन्हा दारात. दायांवरचं जुनं पाणी थोरली रोज सकाळी काढून फेकायची, तेच तिला हवं होतं. दाया त्यात काहीतरी सोडत असतील, असं तिचं म्हणणं. म्हणजे आता दायांचं उष्टंसुद्धा हिलाच, थोरलीच्या मनात आलं. उद्या देते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने टकटक केली, कपाट उघडलं, आणि नळी भरली ती बाटलीतल्या कोऱ्या द्रवाने. कोरा द्रव गुलाबी असतो; पेशी नांदल्या की पिवळट होतो. रोज तोच रंग बघणारी बाई, पण जळफळाटात तिला रंगच दिसला नाही.

धाकटीने नळी उजेडात धरली. शेजारी उभ्या साहेबांनी काय झालं विचारलं. माझ्याकडून नळी बदलली, ती म्हणाली. साहेब गेल्यावर थोरलीजवळ आली.

“वहिनी, हे गुलाबी आहे.”

“दिसतंय मला.”

“साहेबांना नाही सांगणार. पण मला खरंच तुमच्या दायांचं पाणी हवंय.”

धाकटीने झाकून घेतलं, याचीच थोरलीला जास्त आग झाली. भांडली असती तर बरं. थोरलीने पिवळं पाणी नळीत ओतलं आणि नळी हातात न देता टेबलावर आपटली.

गर्भ आठ ओलांडून गेले. पाणी कुणाचं, हे धाकटीने सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि डोळा परत सूक्ष्मदर्शकाला लावला.

पुढे काही वर्षं थोरली ते पाणी पुरवत राहिली. मग बाजारात तयार द्रवच मिळू लागला. शेवटच्या दिवशी तिने रिकाम्या कपाटावर दोनदा टकटक केली आणि कोट खुंटीला लावला. धाकटी जिन्यापर्यंत सोडायला आली, तिचे डोळे भरलेले. थोरलीने ते पाहिलं, चपला सरकवल्या.

“येताना दूध आण. तू रोज विसरतेस, आणि सासूबाई बोलतात मला.”