कुत्रीच्या लेकाचं कालवण

वजरी साफ करायला घेतली की माणसाचा खरा स्वभाव कळतो, असं माझी आई म्हणायची. माझा तापट आहे. आतडं उलटं करून मीठ चोळताना मी अजूनही कुणाला तरी शिव्या घालत असतो. आखातातल्या लढाईच्या त्या हिवाळ्यात तर शिव्या घालायला माणूस अगदी हाताशी होता.

सौदीतल्या कतीफच्या बाहेर, वाळूत ठोकलेल्या लेबर कॅम्पात मी भटारी होतो. माझा धाकटा भाऊ तिथेच पाण्याचा टँकर चालवायचा. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट मुकादमाच्या लोखंडी कपाटात असायचे आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. मुकादम आमच्याच खाडीच्या पलीकडचा. आपला माणूस परमुलखात मोठा झाला की आधी आपल्यालाच चेपतो. त्याच्याकडे रबरी पाइपाचा एक तुकडा होता आणि उशिरा उठणाऱ्याला तो त्यानेच उठवायचा.

तेलाच्या विहिरी खणणाऱ्या अमेरिकन टोळीचा म्हातारा फोरमन आमच्या भटारखान्यात जेवायचा. टेक्सासचा होता. एकदा मी दूधपित्या करडाची आतडी, काळीज, जीभ, भेजा असं सगळं एका टोपात टाकताना त्याने पाहिलं आणि त्याचे डोळेच भरले. त्यांच्याकडचे गुराखी म्हणे वासराचं हेच सगळं चुलीवर शिजवतात. त्याचं नाव म्हणजे सरळ आईवरून शिवी, कुत्रीच्या लेकाचं कालवण. बाईमाणसांसमोर तेच 'बंदुकीच्या लेकाचं' होतं. पण खरी रीत त्याने मला पुढे सांगितली. ज्याच्यावर तुमचा राग, त्याचं नाव टोपाला द्यायचं. कधी फौजदाराचं, कधी जज्जाचं, कधी मालकाचं. राग बदलला की नाव बदलायचं.

मला ही रीत फार पटली. दर गुरुवारी आमच्या मेसमध्ये वजरी व्हायची. त्या गुरुवारपासून तिला सगळे 'मुकादम' म्हणायला लागले. "आज मुकादम शिजलाय," असं मी ओरडलो की पोरं ताटं घेऊन धावायची. कुणी त्याची जीभ मागायचा, कुणी भेजा, आणि भेजा संपला म्हटलं की 'होताच कुठे' म्हणून हसायचे. पाठीवर पाइपाचे वळ असलेली माणसं त्याला चावून चावून खायची आणि शांत झोपायची.

मग क्षेपणास्त्रं यायला लागली. सायरन झाला की अमेरिकन लोक विषारी वायूच्या भीतीने तोंडाला मुखवटे लावायचे. मुकादमालाही एक मिळाला होता. आम्हाला हुकूम होता, टॉवेल ओला करून नाकावर धरा. आभाळात दणका व्हायचा, पत्रे थरथरायचे आणि ओल्या टॉवेलखाली आम्ही कलमा पढत पडायचो. सगळ्यांना एकच हवं होतं. लढाईपासून लांबचं जेद्दा गाठायचं आणि तिथून घरी जायचं. पण मुकादमाच्या चिठ्ठीशिवाय रस्त्यावरच्या पहिल्याच चौकीवर पोलीस उचलायचे.

एका सकाळी क्षेपणास्त्राचा जळका तुकडा टँकरसमोर पडला आणि पुढची काच फुटून भावाच्या कपाळात घुसली. तसाच रक्ताळलेला तो मुकादमाकडे चिठ्ठी मागायला गेला. मुकादमाने काचेची नुकसानी कोण देणार म्हणून पाइप काढला, आणि जखमेवरच हाणला. मी चिमट्याने काचा काढत होतो तेव्हा भाऊ हललासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "भाय, मी याला कापनार हाय."

मी हादरलो. माझा भाऊ पोकळ धमक्या देणारा नव्हता. आणि त्या मुलखात खुनाला काय शिक्षा आहे हे लहान मूलही सांगेल. जुम्म्याच्या नमाजानंतर भर चौकात मान जाते. घरी त्याची नवी नवरी होती. मी त्या दिवसापासून सगळे सुरे माझ्या उशाखाली ठेवायला लागलो.

पण सुऱ्याशिवाय स्वयंपाक होत नाही. गुरुवारी दुपारी टोप उतरवून जमिनीवर ठेवला होता, रश्श्यावरचं तेल अजून उकळत होतं. रांगेतला एकजण दाराकडे पाठ करून मजेत म्हणाला, "इधर मुकादम का कलेजा डाल." दारात मुकादम उभा होता. त्याने टोपात पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याने बुटाची लाथ टोपाला घातली. उकळता रस्सा रांगेतल्या झाडूवाल्याच्या अनवाणी पायांवर गेला. तो किंचाळला तसं मी जनावरही किंचाळताना ऐकलेलं नाही. पायाची कातडी मोज्यासारखी खाली उतरली.

मी वळलो तोवर भावाने फळीवरचा सुरा उचलला होता. मुकादम भिंतीला टेकला होता आणि भावाचा हात वर गेला होता. माझ्या हातात भात ढवळायचा लोखंडी कालथा होता. तो मी सगळ्या ताकदीने भावाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सायरनपेक्षा जास्त दिवस माझ्या कानात राहिला. सुरा रश्श्यात पडला. भाऊ खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी मुकादमाला म्हटलं, "याला जेद्दाला पाठव. आजच. त्याला अजून एक हात हाय."

मुकादमाने कमरेची किल्ली काढली. कपाट उघडून त्याने भावाचा पासपोर्ट आणि चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. फोरमनने दोघा जखमींना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. लढाई संपायच्या आत भाऊ घरी पोचला होता. मी पुढे तिथेच राहिलो, त्याच मुकादमाच्या हाताखाली, आणि मी त्याच्या मिठाला जागून भावाला मोडलं अशी गावात वदंता झाली. मला पश्चात्ताप नाही. परत वेळ आली तर परत घालीन. पण भावाने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, याचा मात्र मला संताप येतो.

बऱ्याच वर्षांनी, बकरी ईदेला, मी त्याच्या घरी जेवायला बसलो. चुलीकडून त्याची धाकटी मुलगी ओरडत आली, "अब्बा, चाचा शिजला."

माझी भावजय लाल झाली. तिने मुलीला दटावलं, मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, "तसं नाय भायजी. या घरात वजरीला पयल्यापासून तेच म्हनतात."

मनगटापाशी वाकड्या बसलेल्या हाताने भावाने टोप पुढे ओढला, पळी घातली आणि शोधून शोधून काळजाचे तुकडे माझ्या ताटात वाढले.

"तू घे," तो म्हणाला. "माझ्या गल्यातनं अजून उतरत नाय."

मी ताट पुढे ओढलं आणि सगळं खाल्लं.