भोंगा तेवढा राहू दे

एका भोंग्यापायी माझं लग्न जमलं, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला चहा चढला. चढू दे. तुम्ही बसा, बिस्किट बुडवा आणि घाईने हसू नका. हसायची जागा आली की मी सांगेन.

मी या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावचा. आमच्या गावात तेव्हा जिकडे बघावं तिकडे ऊस. मोटारी, आमच्या बोलीत लोतो, कोणाकडे? एक डॉक्टरची, एक कारखान्यातल्या साहेबाची आणि एक कायमची बिघडलेली. खऱ्या मोटारी क्वात्र बॉर्न शहरात, कचेरीत जाणाऱ्या लोकांच्या दारात. आणि क्वात्र बॉर्नलाच होती शांता.

माझी मावशी तिच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. मावशीकडच्या गणपतीत आरतीच्या वेळी माझ्या हातातलं ताट कललं आणि शेजारी उभ्या असलेल्या शांताने ते सरळ केलं. एवढंच झालं. पण त्या वयात एवढं पुरतं हो.

मी मावशीच्या मागे लागलो. मावशी म्हणाली, "विठू, तिचा बाप गोविंदराव कचेरीत कारकून हाय. लई तोऱ्याचा माणूस. सोताचा धंदा नसलेल्या पोराला दारात उभा न्हाई करायचा. आधी कायतरी मांड, मंग मी शब्द टाकते."

झालं. मी धंदा शोधला. लोकांच्या दारात जायचं, त्यांची मोटार धुवायची, आतून झाडायची, वरून मेण लावून चकाकवायची. आज असले धंदे पुष्कळ आहेत. तेव्हा मी कोणाला सांगितलं की तो विचारायचा, "का? त्यांच्या दारात नळ न्हाई?"

नळ होता. नळाला पाणी असेलच असं मात्र नव्हतं. म्हणून पाणीसुद्धा आपलंच न्यायचं, हे मी ठरवलं. याला म्हणतात डोकं. पुढे त्या डोक्याचं काय झालं ते ऐका.

क्वात्र बॉर्नला तोंतों लुई म्हणून एक म्हातारा होता. सगळे त्याला तोंतों, म्हणजे काका म्हणायचे. वर्षानुवर्षं तो व्हॅनमधून गल्ल्यांत पाव विकायचा. गुडघे गेले तशी त्याने व्हॅन विकायला काढली. निळी, ठेंगणी, आतून खमिराच्या वासाची. ती मी घेतली आणि सजवायला बसलो.

तेलाचं रिकामं पिंप घासून आत बसवलं. पाणी भरून पहिल्यांदा ब्रेक मारला, तर अर्धं पाणी पुढे येऊन माझ्या मानेवरून खाली उतरलं. पिंपाला झाकण लागतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. मग बाबांचा उसावर औषध मारायचा पाठीवरचा पंप पळवला. सात पाण्यांनी धुतला आणि साबणाच्या पाण्यासाठी ठेवला. बाबा त्यानंतर माझ्याशी बोलेनासे झाले, पण पंप उत्तम चालला.

पाव ठेवायच्या लाकडी फळ्या काढायला गेलो, त्या हलेनात. तोंतों लुईने खिळे कसले मारले होते देव जाणे. मग त्याच फळ्यांवर ब्रश, फडकी, मऊ चामड्याचा रुमाल, मेणाचे डबे असं सगळं ओळीने मांडलं. बाहेरून रंग बदलायचा विचार होता. पण म्हटलं, आपण चकाकवणारे लोक, हाच निळा रंग चकाकवून दाखवू. दोन डबे मेण जिरवलं. व्हॅन अशी झळकायला लागली की कोंबड्या येऊन त्यात तोंड बघायच्या. नाव तेवढं लिहायचं राहिलं, कारण पेंटर रोज उद्या येणार होता.

सगळं झाल्यावर बाबांनी मौन सोडलं. "तो भोंगा काढ," म्हणाले.

पितळेचा, मागे रबरी फुगा असलेला भोंगा. दाबला की पों-पों करायचा आणि आवाज पार डोंगरापर्यंत जायचा. मी म्हटलं, "भोंगा तेवढा राहू दे. आपण आलो ते गिऱ्हाइकाला कळायला नको?"

हसायची जागा अजून आली नाही. पण जवळ आली.

पहिल्या दिवशी मी कुठे गेलो असेन? शांताच्या गल्लीत, दुसरीकडे कुठे? गोविंदकाका कचेरीतून घरी येतात ती वेळ धरली, चारची. अंगात इस्त्रीचा शर्ट. गल्लीच्या तोंडाशी थांबलो आणि ऐटीत भोंगा दाबला.

आता तुम्ही त्या काळचे असाल तर सांगायला नको. चार वाजता गल्लीत भोंगा वाजला की त्याचा अर्थ एकच. चुलीवर चहा उकळत असायचा, पोरं शाळेतून आलेली, आणि सगळे कान भोंग्याकडे. पावाला आमच्याकडे दिपें म्हणतात. त्यातला गोल घरगुती पाव तो मेझों. भट्टीतून निघालेला मेझों फोडला की वाफ यायची, लोणी लावायच्या आधीच पाघळायचं. आत मिरचीची भजी घालून दाबला की राजालाही हेवा वाटावा.

आणि तोंतों लुई थांबल्यापासून त्या गल्लीला चारचा पाव मिळालेला नव्हता.

पहिलं फाटक उघडलं ते शांताचं. हातात कापडी पिशवी. मोठ्याने ओरडली, "दिपें आलं गं, दिपें!" पाठोपाठ सगळी गल्ली. समोरची म्हातारी मादाम, टेलरची बायको, पोरं, सगळे पिशव्या घेऊन. म्हातारीने व्हॅनवरून हात फिरवला. "आयो, तोंतों लुईचा व्हॅन. बघा तरी कसा नवा केलाय पोरानं."

मी शांताकडे बघून हसलो. तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. "सहा मेझों," म्हणाली आणि पिशवी पुढे धरली. मनात म्हटलं, विसरली ही आपल्याला. काय वाटलं असेल मला त्या क्षणी, सांगा.

तेवढ्यात फाटकात साक्षात गोविंदकाका. मागे त्यांची क्रीम रंगाची मॉरिस मोटार. मला म्हणाले, "गरम हायत काय, पोरा?"

मी सांगायला तोंड उघडलं की काका, मी पाव विकत नाही, मोटारी धुतो. आणि तोंडातून आलं, "आत्ता आणतो."

व्हॅन वळवली, बेकरीत गेलो, फळीवरची फडकी खाली टाकली आणि पाव भरून आणले. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून गेलो, तर गल्ली पिशव्या घेऊन आधीच उभी. तिसऱ्या दिवशी मीच बेकरीतून होऊन गेलो. सकाळी दुसऱ्या गल्ल्यांत मोटारी धुवायच्या, चार वाजता इथे पाव. एकदा गोविंदकाका पावाचा वास घेऊन म्हणाले, "बेकरी बदललीस काय? आज पावाला पालिशचा वास येतोय." मी म्हटलं, "नवीन खमीर हाय, काका."

इकडे मावशीला यातलं काही ठाऊक नाही. चारच्या वेळी ती रोज देवळात असायची. माझा धंदा उभा राहिला म्हणून एका रविवारी ती शब्द टाकायला गेली, आणि परत आली ती तोंड पाडून.

"न्हाई म्हणाले रे, विठू. म्हणाले, लोकांच्या लोतोचा चिखल काढणाऱ्याला मी पोरगी देऊ? माझी लोतो मी सोता धुतो."

मावशीने पाणी दिलं आणि म्हणाली, "वर मलाच काम लावलं. म्हणाले, आमच्या गल्लीत एक पाववाला पोर येतो, आपल्यातला, वाकून बोलतो, कवा उशीर न्हाई. असला जावई पायजे. कोणाच्या घरचा हाय तेवढं बघून ये. आता तो पाववाला मी कुठं शोधू?"

ही ती जागा. हसा आता. बाप रे बाप, माझ्यापुढे एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता, तो माझ्याहून गुणी होता आणि तो मीच होतो.

मावशीला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून पोट धरून हसली. मग म्हणाली, "जा, तूच खरं सांग. मला त्या घरात अजून चहा प्यायचा हाय."

गेलो. आता दोन्ही नकार मलाच मिळायचे होते. गोविंदकाकांना व्हॅनमागे नेलं आणि दार उघडून दाखवलं. एका फळीवर मेझों, दुसऱ्या फळीवर ब्रश आणि मेण, खाली पिंप, कोपऱ्यात बाबांचा पंप. काकांनी पिंपावर टिचकी मारली.

"म्हंजे मी ज्याला नकार दिला..."

"तो मी, काका."

"आणि ज्याची चौकशी लावली..."

"तोसुद्धा मीच."

काका मागच्या पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "मी शब्द फिरवत न्हाई. लोतोवाल्याला न्हाई म्हणालो ते न्हाईच. पाववाल्याला हो म्हणालो ते हो. तू कोण, तूच ठरव."

"काका, मी पाववाला."

"मंग उभा काय ऱ्हायलास? सहा मेझों काढ."

लग्न झालं. मोटारी मी आयुष्यभर धुतल्या, पण चारचा पाव चुकवला नाही. आणि सासरेबुवांनी त्यांच्या मॉरिसला मला शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. ते गेले तेव्हा मी तिला पहिल्यांदा मेण लावलं आणि लावता लावता रडलो.

बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी शांताला म्हटलं, "त्या पहिल्या दिवशी तू मला विसरलीच होतीस ना?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विसरते कशाला? व्हॅन कोणाची घेतलीस, काय धंदा करणार, मावशीनं सगळं सांगितलं होतं. बाबा लोतो धुणाऱ्याला न्हाई म्हणणार, हे मला ठावं. पण पाववाल्यावर त्यांचा जीव. म्हणून तर भोंगा वाजला तशी आधी मी पिशवी घेऊन ओरडले. मंग गल्ली आली."

इतकी वर्षं मला वाटत होतं, गल्ली भोंग्याला फसली. फसला होता तो भोंगा दाबणारा.

व्हॅन कधीच गंजून गेली. भोंगा मी काढून आमच्या फाटकाला बसवलाय. गल्लीत आता पाववाला येत नाही, पाव दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत मिळतो. तरी चार वाजले की मला राहवत नाही, जाऊन एकदा दाबतो. स्वयंपाकघरातून लगेच आवाज येतो, "सहा मेझों!"

आणि मी पिशवी शोधायला लागतो.