सगळ्या टोळ्या उंब्रजलाच

“तुमची मशीन उंब्रजची हाय का?” सुभेदारांनी दारातूनच विचारलं.

सुभेदार म्हणजे शेजारच्या गावचे निवृत्त फौजी. त्यांच्या उसाला तुरे आले होते. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो आणि वजन घटतं. इकडे कारखान्याच्या सगळ्या तोडणी टोळ्या उंब्रजलाच तळ ठोकून होत्या.

सत्तरच्या दशकात मी साखर कारखान्यात होतो. तोडणीचा क्रम कम्प्युटरने लावायचं ते पहिलंच वर्ष. प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीचा, फोरट्रॅन नावाच्या कम्प्युटर-भाषेत लिहिलेला. माहितीची कार्डं भोकं पाडून (पंच करून) पुण्याला न्यायची आणि छापील कागद घेऊन यायचं, हे माझं काम.

“उद्यापर्यंत चूक सापडली नाही, तर पहिल्यासारखं हाताने लावू,” शेतकी अधिकारी म्हणाले. मशीनवर माझा जीव होता. मला वाईट वाटलं.

प्रोग्राम घेऊन बसलो. त्यात दोन लूप होते. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं. बाहेरचा एकेक गाव घ्यायचा, आतला त्या गावातले उसाचे फड. आतला लूप प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्यात होता, पण मोजायला दोघांत ‘आय’ हे नाव सामायिक. पहिलं गाव उंब्रज, मोठं. तिथले फड मोजता मोजता आय गावांच्या संख्येपुढे गेला. बाहेरच्या लूपला वाटलं, सगळी गावं झाली, आणि कागदावर एकटं उंब्रज छापलं गेलं. चाचणी एकाच गावावर घेतलेली, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती.

शेतकी अधिकारी साहेबांना उमजेना. मी म्हटलं, “एखाद्या तळावर ‘मुकादम’ अशी हाक मारली की तिथलाच मुकादम उठतो. माणसांना ते कळतं. फोरट्रॅनला नाही.”

“मग नावाने हाक मारा की.”

तेच केलं. आतल्या आयचा ‘के’ केला आणि पुण्याची एस.टी. धरली. या खेपेला कागदावर सगळी गावं आली.

टोळी सुभेदारांच्या फडात उतरली तेव्हा मी मुद्दाम गेलो. थोडं वजन गेलं होतं, पण ऊस वाचला होता. लय बरं वाटलं. काय चुकलं ते त्यांना सांगितलं.

“पलटणीत दोन शिंदे असले की आमी नंबरानं हाक मारायचो,” ऊस सोलून माझ्या हातात देत ते म्हणाले. “तुमच्या पुण्यात शिंदे न्हाईत व्हय?”

हल्ली बऱ्याच भाषांत लूपमधलं नाव लूपपुरतंच राहतं. तरी निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक लूपला वेगळं नाव दिलं. शिंदे सगळीकडेच असतात.