माझ्या दंडात न पोचलेली लस

माजलगावच्या ज्या खासगी दवाखान्यात मी नर्स होते, तिथं मला नावानं कुणी हाक मारत नसे. मोठ्या सिस्टर 'जाडे' म्हणायच्या आणि डॉक्टर गालात हसायचे. मी ऐकून घ्यायचे. घरी नवरा त्याहून वाईट बोलायचा, त्यामुळं कानांना सवय होती.

एकदा पायाला जखम झालेला ट्रॅक्टर ड्रायव्हर आला. त्याला टाके घालून झाल्यावर ट्रे आवरताना वापरलेली सुई माझ्या बोटात घुसली. त्याचं रक्त तपासलं तर त्याला बी प्रकारची कावीळ निघाली. मी फारशी घाबरले नाही. नोकरीला लागतानाच मी त्या काविळीच्या लसीचे सगळे डोस घेतले होते, त्यातला एक तर मोठ्या सिस्टरांनीच टोचला होता. माझंही रक्त तपासलं. लसीनं अंगात ज्या अँटिबॉडी तयार व्हायला हव्यात, त्या जवळजवळ नव्हत्याच.

मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डोस घेतलेच न्हाईत हिनं. कावून खोटं बोलतीस गं?"

"एक तर तुमीच टोचला होता."

"मला काय आठवतंय? लई जणींना टोचते मी."

डॉक्टरांनी माझ्या दंडाकडं पाहिलं. "घेतला असंल तरी चरबीतच जिरला असंल," ते म्हणाले. सगळे हसले. काविळीनं लिव्हर खराब होऊन मेलेली माणसं मी त्याच वॉर्डात पाहिली होती. त्यांनीही पाहिली होती, तरी हसले.

त्याच दुपारी मी एसटीनं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लवकर घ्यायला हवं होतं आणि आमच्याकडं ते नव्हतं. नवऱ्याला फोन केला, तो आला नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं.

"वजन कशाला?" मी चिडून विचारलं.

"या इंजेक्शनचं माप वजनावर ठरतं. लस कुठल्या सुईनं दिली होती?"

"नेहमीच्याच."

"तुमच्या दंडाला लांब सुई लागते. ही लस स्नायूत जावी लागते. चरबीत राहिली तर नीट काम करत नाही."

"म्हणजे दोष सुईचा."

"एकट्या सुईचा नाही. वजन फार वाढलं की अंगात आतून बारीक सूज धरून राहते. संरक्षण करणाऱ्या पेशी त्यातच अडकतात, लसीला हवा तसा प्रतिसाद देत नाहीत. खरा विषाणू आला तरी त्या उशिरा आणि कमी जोरानं उठतात."

त्या हसल्या नाहीत, की गोडही बोलल्या नाहीत. तरी मला त्यांचाही राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं वाटत होतं. इंजेक्शन दिल्यावर त्यांनी लांब सुईनं लसीचा नवा पहिला डोस दुसऱ्या दंडात टोचला. पुढचे डोसही मी तिथंच जाऊन घेतले.

घरी नवऱ्यानं माझं ताट-पेला वेगळा केला. ताटानं ही कावीळ पसरत नाही, असं मी त्याला समजावलं.

"तुला काय कळतंय?" तो म्हणाला. "तुला तर लसबी लागू व्हत न्हाई."

त्यानंतर मी त्याला वाढणं बंद केलं. तो हातानं घेऊन जेवायला लागला, सासूबाई दोघांवरही चिडून राहिल्या.

महिने गेले. शेवटच्या तपासणीत मला कावीळ झालेली नव्हती. अँटिबॉडीही आल्या होत्या, इतरांपेक्षा कमी, पण पुरेशा. मी रिपोर्ट नेऊन मोठ्या सिस्टरांपुढं ठेवला आणि लांब सुईचंही सांगितलं. त्यांनी तो वाचला.

"बरं झालं की. मग तवाच लांब सुई मागायची हुती."

"सुई तुमच्या हातात हुती," मी म्हणाले. "आन् खोटारडी मला म्हणलात."

"तवा तसंच वाटलं."

एवढं बोलून त्या कापूस भरायला लागल्या. मी डॉक्टरांना सांगून त्याच महिन्यात नोकरी सोडली.

आता मी गेवराईच्या एका दवाखान्यात आहे. संध्याकाळी चालायला जाते, वजन थोडं उतरलंय. नवऱ्याला वाटतं त्याच्या टोमण्यांनी उतरलं. त्याला काय वाटायचं ते वाटो. मागच्या महिन्यात मोठ्या सिस्टरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती. मी गेले नाही.